जुन्या मारुती ८०० चं पाणी सांभाळताना

२०१४ च्या मे महिन्यात कुंभार्ली घाटात आमच्या गाडीचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, गेलं. चिपळूणहून कराडला माहेरी निघालो होतो, मागच्या सीटवर सासूबाई आणि मुलगी. पोफळी मागे पडली, चढ सुरू झाला आणि थोड्याच वेळात तापमानाचा काटा नेहमीची मधली जागा सोडून वर सरकायला लागला. गाडी बाजूला घ्यायला जागा शोधत होते, तेवढ्यात काटा आपोआप खाली आला, अगदी थंडच्या खुणेपर्यंत. मला हायसं वाटलं. म्हटलं, वारा लागला असेल, झालं ठीक. तशीच पुढे दोन किलोमीटर गाडी चढवली. मग इंजिन खडखडायला लागलं, ताकद गेली आणि गाडी वळणावर बंद पडली.

कार्ब्युरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या, मागे एक छोटा रबरी पाइप असतो, जेमतेम माझ्या अंगठ्याएवढा जाड. तो फाटला होता आणि सगळं पाणी बाहेर गेलं होतं. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं तापमान सांगतो. पाणी संपलं की तो कोरडा पडतो आणि काटा खाली येतो. मी शाळेत विज्ञान शिकवते, तरी त्या क्षणी हे माझ्या डोक्यात आलं नाही. तेवढ्यासाठी हे सगळं सविस्तर लिहिते आहे. वर गेलेला काटा गाडी चालू असताना, चढावर, अचानक खाली आला तर गाडी तिथल्या तिथे थांबवून इंजिन बंद करा. हीटर असेल तर आणखी एक खूण मिळते: हीटर चालू केल्यावर गरम हवा यायच्या जागी गार हवा आली, तर आत पाणी उरलेलं नाही.

आमची गाडी १९९७ ची, कार्ब्युरेटरची, एसी आणि हीटरवाली. तीन सिलेंडर, ७९६ सीसी. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. रोजच्या तापमानाला हे अंतर दोघांच्या मधलं गॅस्केट सांभाळून घेतं, पण पाणी नसताना दोन मिनिटं चढावर ओढलं की हेड वाकतं. आमचं वाकलं. हेडला फेसिंग मारलं, म्हणजे घासून सपाट केलं, गॅस्केट बदललं, गाडी तीन आठवडे गॅरेजला. पाइपाची किंमत त्या खर्चात कुठे दिसतही नव्हती.

तेव्हापासून दरवर्षी एप्रिलमध्ये, पेपर तपासून झाले की, एक रविवार मी गाडीच्या पाण्यासाठी ठेवते. यातली बरीच कामं घरी होतात. जी होत नाहीत ती मिस्त्रींकडे, पण काय करायचं ते आपण ठरवून गेलेलं बरं.

आधी महिन्यातून एकदा बघायच्या गोष्टी. सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना. रेडिएटरचं झाकण गाडी गार असतानाच उघडायचं, यात कसलीही सूट नाही. गरम असताना आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असू शकतं आणि झाकण सैल होताच ते वाफ होऊन चेहऱ्यावर येतं. गार असताना उघडलं की पाणी मानेपर्यंत भरलेलं दिसायला हवं. बोट बुडवून बघा. कूलंट, म्हणजे पाण्यात मिसळलेलं गंजरोधक द्रव, स्वच्छ, रंगीत आणि किंचित बुळबुळीत लागतं. बोटाला तांबूस गाळ लागला तर आत गंज धरला आहे. तेलकट तवंग दिसला, किंवा ऑइल भरायच्या झाकणाखाली दूध घातलेल्या चहासारखा फेस दिसला, तर मिस्त्रींना दाखवल्याशिवाय लांबचा प्रवास करू नका. मात्र पावसाळ्यात रोज एक-दोन किलोमीटरच गाडी फिरत असेल, तर झाकणाखाली थोडा पांढुरका फेस नुसत्या दमटपणानेही धरतो. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, पुसून पुन्हा बुडवून बघा. तिथे ऑइल स्वच्छ असेल तर एकदा गाडी तासभर चालवून पुन्हा तपासा.

आता पाइप. माझ्या मते जुन्या गाडीत सगळ्यात जास्त लक्ष यांच्याकडे हवं, कारण रबर किलोमीटर मोजत नाही, वर्षं मोजतं. वरचा मोठा, खालचा मोठा, हीटरचे दोन आणि इंजिनाच्या मागच्या अंगाला लपलेले छोटे, असे सगळे हाताखालून गेले पाहिजेत. वरचा पाइप सगळेच बघतात, तो समोर असतो. मागचे छोटे कोणी बघत नाही. आमचा फुटला तो तसलाच. टॉर्च आणि लहान आरसा घ्या, म्हणजे मागची बाजू दिसते.

पाइप दोन बोटांत धरून दाबा. चांगलं रबर दबतं आणि परत उभं राहतं. दाबल्यावर आतून करकर आवाज आला तर आतले धागे तुटलेले आहेत. लिबलिबीत लागला, क्लिपेच्या कडेला फुगला, वाकवल्यावर बारीक भेगा उघडल्या, किंवा लाकडासारखा कडक झाला, तर तो गेला म्हणून समजा. गळतीची वाट बघू नका. पाइपाच्या टोकाशी पांढरी किंवा हिरवट वाळलेली पूड दिसली तर तिथून कूलंट झिरपून सुकलेलं आहे. मी सगळे पाइप एकदम, दर चार-पाच वर्षांनी बदलते. एक फुटला की बाकीचेही त्याच वयाचे असतात.

काढताना जुना पाइप ओढू नका. रेडिएटरची मान नाजूक असते. पितळेची असली तर झाळलेल्या जागी सुटते, प्लॅस्टिकची असली तर तुटते. क्लिप सैल करा आणि पाइप ब्लेडने लांबीत चिरून सोलून काढा. केळ्याची साल निघते तसा निघतो. मान बारीक पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करा, तिथल्या खवल्यांमुळेच नवीन पाइप पाझरतो. नवीन पाइप चढवताना ग्रीस लावू नका, रबर खराब होतं. कूलंटचेच दोन थेंब पुरतात. क्लिप मानेच्या फुगवट्याच्या पलीकडे, म्हणजे रेडिएटरच्या बाजूला, बसली पाहिजे. स्क्रूची क्लिप रबरात रुतेपर्यंत आवळू नका. गाडी एकदा गरम होऊन गार झाली की पुन्हा अर्धा आटा बघा. आमच्याकडे खाऱ्या दमट हवेत क्लिपा दोन पावसाळ्यांत गंजतात, म्हणून मी स्टेनलेस स्टीलच्या मागून घेते.

रेडिएटरच्या झाकणाला लोक फक्त झाकण समजतात. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो दाब आहे. ०.९ चं झाकण नीट बसलं असेल तर आतलं साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. स्प्रिंग सैल झाली की तेच पाणी शंभरला उकळतं, शेजारच्या जादा पाण्याच्या बाटलीत जातं आणि लोक रेडिएटर बदलायला निघतात. झाकण उलटं करून रबराची कडी बघा: चिरलेली, चपटी झालेली नको. मधोमध छोटी चकती असते, ती नखाने ओढून सोडा, लगेच परत बसायला हवी. गाडी गार होताना याच चकतीतून बाटलीतलं कूलंट परत आत ओढलं जातं. ती अडकली की गाडी गार झाल्यावर वरचा पाइप चोखल्यासारखा चपटा झालेला दिसतो. हे पाहिलंत तर दुसरं काही करायच्या आधी झाकण बदला, आणि आकडा मूळ झाकणावर होता तोच घ्या. जास्त आकड्याचं लावलं की तो जादा दाब जुन्या पाइपांवर येतो.

थर्मोस्टॅट व्हॉल्व्हबद्दल, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेबद्दल, मला जरा आग्रहाने बोलायचं आहे. हेडचं काम झालं तेव्हा गाडी माझ्या हातात देताना सांगितलं गेलं, "बाई, व्हॉल्व्ह काढून टाकलाय, आपल्या कोकणात त्याची गरज नाही." अनेक ठिकाणी असंच करतात. व्हॉल्व्ह काढला की पाणी सतत फिरतं आणि इंजिन कामाच्या तापमानाला पोचायला फार वेळ लागतो, थंडीत पोचतच नाही. गार इंजिनात कार्ब्युरेटरची गाडी पेट्रोल जास्त पिते, ऑइलमधला ओलावा उडून जात नाही, सिलेंडर जास्त झिजतात. गाडी खरोखर गरम होत असेल तर त्याचं कारण दुसरीकडे असतं आणि व्हॉल्व्ह काढल्याने ते फक्त झाकलं जातं. मी पुढच्याच महिन्यात नवीन बसवून घेतला.

तो तपासायची पद्धत मी वर्गात मुलांनाही दाखवली आहे. व्हॉल्व्हच्या कडेवर किंवा बुडाशी आकडा ठोकलेला असतो, ८२ किंवा ८८ असा. एका जुन्या पातेल्यात पाणी घ्या (ते पातेलं परत स्वयंपाकाला वापरू नका), व्हॉल्व्ह दोऱ्याने टांगून पाण्यात सोडा, बुडाला टेकू देऊ नका. शेजारी प्रयोगशाळेतला तापमापक, तोही तळाला न टेकवता. मंद आचेवर ठेवा. दोऱ्याची एक युक्ती आहे: व्हॉल्व्ह गार आणि बंद असतानाच दोरा त्याच्या तोंडात अडकवायचा. आकड्याच्या जवळपास पाणी आलं की तोंड उघडतं आणि दोरा सुटून व्हॉल्व्ह पातेल्यात टपकन पडतो. तो क्षण चुकत नाही. पुढे दहा-पंधरा अंशांत तो पूर्ण उघडतो. बाहेर काढल्यावर आपोआप बंद झाला पाहिजे. उशिरा उघडला, अर्धाच उघडला किंवा बंद झाला नाही तर नवीन घ्या. घालताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, आणि कडेला बारीक हलती पिन असेल तर ती वर, म्हणजे अडकलेली हवा तिथून निघते. कागदी गॅस्केट दर वेळी नवीन.

पाणी, म्हणजे कूलंट. आपल्याकडे रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घालायची सवय अजून जात नाही. "बर्फ कुठे पडतोय इथे," हे मी कितीदा तरी ऐकलं आहे. बर्फाचा प्रश्न कोकणात नाहीच. कूलंट घालायचं ते गंज थांबवण्यासाठी आणि उकळण्याचा बिंदू वर नेण्यासाठी. बिडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड, पितळेचा रेडिएटर असे वेगवेगळे धातू एकाच पाण्यात उभे असले की एक धातू दुसऱ्याला खातो. कूलंटमधली गंजरोधक द्रव्यं हे थांबवतात, आणि ती वर्षा-दोन वर्षांत खर्ची पडतात. रंग तसाच राहतो, ताकद जाते. त्यात बोअरचं पाणी असेल तर क्षार. माझ्या माहेरच्या बोअरच्या पाण्याने बादलीला आतून पांढरा थर धरतो. तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत आणि हेडच्या पाण्याच्या वाटांत धरतो आणि उष्णता बाहेर पडू देत नाही.

म्हणून डिस्टिल्ड वॉटर. बॅटरीचं म्हणून मिळतं ते चालतं, फक्त ते नुसतं पाणीच आहे, बॅटरीचं ॲसिड नाही, हे लेबलावर वाचून घ्या. कूलंट दोन प्रकारे मिळतं: घट्ट, आणि पाणी घालून तयार. घट्ट असेल तर निम्मं कूलंट, निम्मं पाणी. आपल्या हवेत एक तृतीयांश कूलंटवरही भागतं, पण त्याखाली नको, गंजापासून बचाव होत नाही. आणि जास्त घातलं तर जास्त चांगलं असंही नाही, कारण कूलंटमधलं मुख्य द्रव, ग्लायकॉल, पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. रंगावर विश्वास ठेवू नका. हिरवं, लाल, निळं हे कंपनीने घातलेले रंग आहेत, दोन कंपन्यांचं हिरवं आतून वेगळं असू शकतं. वेगळ्या जातीची कूलंटं मिसळली की कधीकधी जेलीसारखा गाळ होतो. आधी काय घातलं आहे ते ठाऊक नसेल तर सगळं काढून, धुऊन, नव्याने भरा.

बदलायची रीत अशी. गाडी गार, सपाट जागेवर. खाली पसरट घमेलं. झाकण उघडा, खालचा मोठा पाइप सोडा, निघेल तेवढं निघू द्या. हीटरचा दांडा पूर्ण गरमवर करून ठेवा, नाहीतर हीटरमधलं जुनं पाणी तसंच राहतं. पाइप लावून साधं स्वच्छ पाणी भरा, इंजिन वरचा पाइप गरम होईपर्यंत चालवा, बंद करा, पूर्ण गार होऊ द्या, पुन्हा काढा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत असं तीन-चार वेळा करावं लागतं, म्हणून रविवार पूर्ण लागतो. गरम इंजिनात गार पाणी ओतायची घाई करू नका. शेवटची फेरी डिस्टिल्ड पाण्याची. तीव्र केमिकलने धुण्याच्या मी विरुद्ध आहे. पंचवीस वर्षांच्या रेडिएटरमध्ये काही बारीक भोकं त्या गाळानेच बुजलेली असतात, आणि केमिकल ती एका दिवसात उघडी करतं. फारच तुंबला असेल तर तांबे-पितळेचा रेडिएटर उघडून, रॉड मारून, पुन्हा झाळून घेता येतो. ॲल्युमिनियमचा, प्लॅस्टिकच्या टाकीचा असेल तर बदललेला बरा.

भरताना हळूहळू भरा. मग झाकण उघडंच ठेवून इंजिन चालू करा, वरचा पाइप हाताने दाबत राहा, बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, भरत राहा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा पुन्हा भरून झाकण लावा. बुडबुडे यायचे थांबलेच नाहीत, गार इंजिन चालू करताच दर वेळी येत राहिले, तर गॅस्केटमधून सिलेंडरचा गॅस पाण्यात येतो आहे. ते मिस्त्रींचं काम.

घमेल्यातलं जुनं कूलंट गटारात किंवा झाडाखाली ओतू नका. ते चवीला गोड असतं आणि विषारी. कुत्रं-मांजर चाटून मरतं. मी झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर खडूने "विष" लिहून, जुन्या ऑइलबरोबर गॅरेजला देते. अंगणात सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

हळदीचंही सांगते, कारण घाटातल्या टपरीवर कोणीतरी हमखास सुचवतं: रेडिएटर गळतोय ना, दोन चमचे हळद टाका. गळती काही काळ थांबते, हे खरं. घरी पोचण्यासाठी वेळच आली तर टाका. पण तीच हळद हीटरच्या बारीक नळ्यांत बसते, म्हणून घरी आल्यावर रेडिएटर दुरुस्त करून सगळं धुऊन काढा.

पंख्याने मला वेगळाच धडा दिला. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पूर आला, तेव्हा आमच्या गल्लीत बंपरच्या वर पाणी होतं. नंतर गाडी धुतली, ऑइल बदललं, गाडी सुरूही झाली. रेडिएटरच्या जाळीत मात्र वाशिष्ठीचा बारीक गाळ वाळून सिमेंटसारखा बसला होता आणि तो बाहेरून दिसत नव्हता, कारण पुढून एसीचा कंडेन्सर झाकतो. पुढच्या मार्चमध्ये गाडी सिग्नलवर गरम व्हायला लागली. धावताना ठीक, उभी राहिली की गरम, म्हणजे दोष पंख्यात किंवा जाळीत. आमच्याकडे दोन्हीत होता. जाळी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला धुवायची, साध्या बागेच्या पाइपाने. प्रेशर वॉशरने पात्या आडव्या होतात आणि हवा कायमची अडते. वाळलेला गाळ असेल तर तासभर भिजू द्या, मऊ ब्रशने पात्यांच्या दिशेने, उभाच घासा.

पंखा तपासायला गाडी गरम व्हायची वाट बघायला नको. कार्ब्युरेटरच्या गाडीत रेडिएटरच्या पाण्यात बसवलेल्या थर्मो स्विचची (पाणी तापलं की पंखा चालू करणाऱ्या) वायर काढा, चावी चालू करा आणि त्या दोन टोकांना वायरच्या तुकड्याने जोडा. पंखा फिरला तर मोटार, फ्यूज, वायर ठीक, दोष स्विचमध्ये. नाही फिरला तर आधी फ्यूज आणि अर्थिंगची वायर बघा. कोकणात निम्म्या वेळा अर्थिंगचा बोल्ट गंजलेला निघतो. आमच्या मोटारीचं बेअरिंग गाळाने धरलं होतं. हात पंख्याजवळ नेताना चावी बंद असली पाहिजे. एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटर नसलेल्या इंजेक्शनच्या, गाडीत ही जोडाजोडी करू नका. तिथे एसी लावून पंखा फिरतो का ते बघा.

वॉटर बॉडी, म्हणजे पाणी फिरवणारा पंप, आणि तो फिरवणारा पट्टा थोडक्यात. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण एक सेंटिमीटर दबावा. आतून भेगा, चकाकी दिसली तर बदला. वॉटर बॉडीच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं, तिथे ओघळ दिसला तर आतलं सील गेलं आहे. ते भोक बुजवू नका, नाहीतर पाणी बेअरिंगमध्ये जातं. पंपाची पुली हाताने हलवून बघा, अजिबात डुलायला नको. आमच्या मिस्त्रींचा सल्ला मी पाळते: टायमिंग बेल्टचं काम निघालं की वॉटर बॉडीही त्याच वेळी, मजुरी वाचते.

सगळं झालं की बाटलीवर मार्करने पातळीची रेघ मारा, गार गाडीची. पहिले चार दिवस रोज सकाळी बघा. सुरुवातीला थोडं खाली जाईल, अडकलेली हवा निघत असते, तेवढं भरा. पाचव्या दिवसानंतरही रेघ सुटत असेल तर गाडी रात्री कोरड्या पुठ्ठ्यावर उभी करा. पुठ्ठ्यावर डाग पडला तर गळती त्याच्या बरोबर वर शोधा. पुठ्ठा कोरडा आणि पातळी तरी कमी, तर हीटरखालच्या पायपुसणीवर हात फिरवा, चिकट ओल लागते का बघा. तिथेही काही नसेल तर पाणी इंजिनात जातं आहे, आणि घाटाचा बेत पुढे ढकलून गाडी मिस्त्रींकडे न्यायची.